परत कोण आले?

वाचकहो, आपल्या बडोद्यातील मराठी घरांत अलीकडे एक वाक्य वरचेवर कानी पडू लागले आहे. ‘मुले परत आली.’ वाक्य अवघे तीन शब्दांचे. परंतु ते उच्चारताना आईवडिलांच्या स्वरात आनंद किती, काळजी किती आणि ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारू नये ही इच्छा किती, याचे प्रमाण घरागणिक बदलते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी याच घरांतून ‘मुलगा अमेरिकेला गेला’ असे सांगितले जाई, तेव्हा स्वर असा संमिश्र नसे. त्या वाक्यामागोमाग पेढे येत.

परदेशी जाण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. तेथील थंडी, तेथील एकटेपणा, पहिल्या दिवाळीला डोळ्यांत आलेले पाणी, हे सारे आपण वाचले आहे. परतून येण्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. जाणाऱ्याला नवा देश शिकावा लागतो, येणाऱ्याने काय शिकायचे? त्याचेच घर, त्याचीच माणसे, त्याचीच भाषा! हा समज किती फसवा आहे, ते गेली दोन वर्षे मी एका कुटुंबाच्या सहवासात पाहते आहे. त्यांच्या अनुमतीने, नावे बाजूला ठेवून, आज त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते.

मुलगा येथलाच. विश्वामित्रीपासून फार दूर नसलेल्या एका जुन्या सोसायटीत त्याचे बालपण गेले. येथेच अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन २०१२ साली तो पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस गेला, दोन वर्षांनी न्यू जर्सीत नोकरीला लागला आणि त्याच वर्षी त्याचे लग्न झाले. मुलगी सांगलीची. त्यांना २०१७ साली कन्या झाली, २०२१ च्या अखेरीस मुलगा झाला आणि २०२४ च्या जूनमध्ये चौघेही आपले बिऱ्हाड आवरून बडोद्यास आले. आबांच्या हृदयावर आदल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती, हे एक कारण. दुसरे कारण अमेरिकेच्या कायद्यातले. कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला सारे ग्रीन कार्ड म्हणतात, तो नोकरीच्या आधारावर देताना कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग त्यामुळे दशकांच्या हिशेबात मोजावी लागते. मुले त्या देशाची नागरिक आणि आईवडील मात्र दर तीन वर्षांनी मुदतवाढ मागणारे, अशा स्थितीत किती काळ काढायचा, हा प्रश्न त्या दोघांना आबांच्या आजारपणाआधीच पडला होता.

‘परत येणे’ हे क्रियापद या घरात चौघांनाही सरसकट लावले जाते. नीट पाहिले तर ते एकालाच लागू पडते. मुलगा परत आला, हे खरे. ज्या खोलीत त्याने बारावीचा अभ्यास केला त्याच खोलीत त्याने आपल्या पेट्या उघडल्या. रावपुऱ्यातून दांडिया बाजाराकडे जाताना कोणत्या वळणावर स्कूटर हळू करायची, हे त्याच्या हातांना अजून आठवते. त्याची पत्नी मात्र परत आलेली नाही. विवाहानंतर पंधरा दिवस बडोद्यात राहून ती विमानात बसली आणि पुढे दोन सुट्ट्यांत मिळून पाच-सहा आठवडे या घरात राहिली असेल. तिचे परतणे व्हायचेच असते तर ते सांगलीला झाले असते. तिच्या दृष्टीने हे सासरी येणे आहे. वरात २०१४ साली निघाली आणि उंबरठ्यावर २०२४ साली पोचली. आणि त्या मुलीचे काय? सात वर्षांची ती पोर परत येत नाही. ती देशांतर करते. तिची शाळा, तिचे वाचनालय, खिडकीतून दिसणारे बर्फ, शेजारची जिवलग मैत्रीण, हे सारे मागे राहिले. बारा वर्षांपूर्वी तिचे वडील परक्या विमानतळावर उतरले तेव्हा जसे होते तशी ती अहमदाबादला उतरली. वडील निदान आपल्या इच्छेने गेले होते.

मला वाटते, परतलेल्या घरांतील निम्मी कुरबुर या एका शब्दाने होते. तिघांचे तीन निराळे प्रवास आपण एकाच शब्दाच्या पिशवीत कोंबतो आणि मग ‘आता आपल्या घरी आलात ना, मग कसला त्रास?’ असे विचारतो.

आजीचेच पाहा. सात वर्षे नात तिला दर रविवारी फोनच्या पडद्यावर दिसत होती. श्लोक म्हणून दाखवी, दात पडला की तो दाखवी, निरोप घेताना पडद्याला ओठ लावी. आजीने मनाशी धरले होते की पोर आली की धावत येऊन गळ्यात पडेल. पोर आली आणि आईच्या मागे लपली. पडद्यावरची आजी चेहऱ्याएवढीच होती. ही आजी चालते, मोठ्याने बोलते, केसांना तेल लावते, न विचारता गालाला हात लावते. पहिले तीन आठवडे ती मुलगी आजीशी बोलायची ती दाराच्या चौकटीत उभी राहून. आजीला याचे फार लागले. ‘फोनवर एवढी बोलायची, इथे आल्यावर काय झालं गं तिला?’ असे तिने मला दोनदा विचारले. तिला काहीच झाले नव्हते. ओळख नव्याने व्हायची होती, आणि रविवारच्या वीस मिनिटांना ओळख समजण्याचा दोष त्या पोरीचा नव्हता. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा. त्याला असले काही नव्हते. आठ दिवसांत तो आबांच्या पायांवर बसून हिंचका खाऊ लागला. वय जितके कमी तितके देशांतर स्वस्त.

स्वयंपाकघराविषयी मात्र अंमळ सविस्तर लिहायला हवे, कारण या विषयावर बायका आपसात बोलतात आणि छापील मजकुरात ते कधी येत नाही. न्यू जर्सीतील त्या घरात भांडी मुलगा घासत असे. कपडे तोच यंत्रात टाकी, शनिवारी भाजी तोच आणी, मुलीची वेणीसुद्धा पुष्कळदा तोच घाली. येथे आल्यावर पहिल्याच रात्री तो आपले ताट उचलून मोरीकडे निघाला, तेव्हा आईने ते हातातून काढून घेतले. ‘ठेव तू, बाई येईल सकाळी.’ दुसऱ्या दिवशी त्याने ताट उचलले नाही. पंधरवड्याने तो पाणी मागू लागला. कोणी काही ठरवले नव्हते. जुन्या घराच्या भिंतींनीच त्याला जुना मुलगा करून टाकले. त्याची पत्नी ते पाहत होती. ज्या माणसाशी तिने दहा वर्षे संसार केला तो माणूस परतण्याच्या प्रवासात कुठेतरी उतरून गेला आणि त्याच्या जागी सासूबाईंचा मुलगा बसला, हे तिचे शब्द आहेत. तिने ते हसत सांगितले. पण मला हसू आले नाही.

यात सासूबाईंना खलनायिका ठरवण्याचे कारण नाही. त्यांनीही बारा वर्षांत आपले म्हातारपण एका रीतीने लावून घेतले होते. सकाळचा चहा दोघांचा, दुपारी वाचन, सायंकाळी देवळापर्यंत फेरी, नऊला दिवे मालवणे. त्या घरात एकाएकी चार माणसे, अकरा पेट्या आणि रात्री दोन वाजता भूक लागणारी दोन मुले आली. येण्याची वाट पाहणे निराळे आणि आलेल्यांबरोबर राहणे निराळे. आजीआजोबांनाही या घरात नव्याने राहायला शिकावे लागते, ही गोष्ट परतणाऱ्या तरुणांच्या हिशेबात सहसा नसते. सुनेच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. एच-चार व्हिसावरील काही पत्नींना २०१५ पासून तेथे नोकरीची मुभा मिळाली. त्या आधारे तिने पुढे एका छोट्या कचेरीत हिशेबाचे काम धरले होते, स्वतः मोटार चालवून ती जात-येत असे. येथे पहिले सहा महिने तिला ना काम, ना वाहन, ना मैत्रीण. बाहेर जायचे तर कोणीतरी सोडायचे आणि कोणीतरी आणायचे. ज्या देशात ती परकी होती तेथे तिला जेवढे मोकळेपण होते तेवढे आपल्या माणसांत नाही, असे तिला वाटले तर तिला कृतघ्न म्हणावे काय?

दर दोन वर्षांनी होणारा प्रवासी भारतीय दिन ९ जानेवारीला धरून येतो, कारण १९१५ साली त्याच दिवशी गांधीजी आणि कस्तुरबा दक्षिण आफ्रिकेहून मुंबईच्या धक्क्यावर उतरले. २०२३ साली हा सोहळा आपल्या इंदूरला झाला, तेव्हा तेथील मराठी मंडळींनीही मोठ्या हौसेने पाहुण्यांचे स्वागत पाहिले. पण त्या दिवसाच्या भाषणांतून एक गोष्ट क्वचितच येते. परतलेल्या गांधीजींकडून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वचन घेतले होते की वर्षभर देश हिंडून पाहावा, कान उघडे ठेवावेत आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. पुढच्याच महिन्यात गोखले वारले, तरी गांधीजींनी ते वचन पाळले. एवढ्या मोठ्या माणसालाही आपल्याच देशात उमेदवारी करावी लागली. मी ही गोष्ट त्या मुलाला सांगितली. तो परतल्या दिवसापासून येथील वाहतूक, बँकेतील रांग, नळाचे पाणी, लग्नातील कर्ण्यांचा आवाज यांवर अखंड मत देत होता. मनात म्हटले, वर्षभर नको, निदान जेवताना तरी गप्प राहा. हेच वचन त्याच्या आईनेही घ्यावे असे मी सुचवले, विषय सुनेच्या स्वयंपाकाचा. ते कितपत पाळले गेले ते सांगत नाही.

आता शाळेविषयी. मुलीचे बोलणे मराठी, वाचणे-लिहिणे इंग्रजी. देवनागरी अक्षरे ती ओळखे. पण जोडाक्षर आले की थबके. येथे शाळेत इंग्रजी, हिंदी आणि गुजराती. गुजरात विधानसभेने २०२३ साली केलेल्या कायद्याप्रमाणे पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांना, मग त्या कोणत्याही बोर्डाच्या असोत, गुजराती शिकवणे बंधनकारक आहे. काही कारणांसाठी लेखी अर्ज करून सूट मागता येते. सूट मागावी असे वडिलांचे मत. वडिलांचेच, हे लक्षात घ्या. जो स्वतः गल्लीतल्या पोरांत गुजराती बोलत वाढला त्याचे. आबा प्रथमच चिडले. ‘या गावात राहायचं आणि भाजीवाल्याची पाटी वाचता यायची नाही, असं माझ्या घरात चालणार नाही,’ असे ते म्हणाले. अर्ज केला गेला नाही. मला आबांचे म्हणणे पटले. तथापि सात वर्षांच्या मुलीने एका वर्षात दोन नव्या भाषा आणि एक नवी लिपी पेलायची, हा भार लहान नाही. पहिल्या सहामाहीत तिला गुजरातीत पन्नासपैकी नऊ गुण मिळाले. आदल्या वर्षी तिकडे ती वर्गात सर्वांत जलद वाचणारी होती. नऊ गुणांचा तो कागद तिने दप्तराच्या तळाशी चार दिवस लपवून ठेवला होता.

लिपीहून जड ठरला तो एक प्रश्न. वर्गात कोणी तिला अमेरिकन म्हणे, कोणी मराठी म्हणे. ‘मी नक्की कुठली?’ असे तिने एके रात्री विचारले. परतलेल्या पुष्कळ घरांत या प्रश्नाने आईबाप गोंधळतात. बडोद्याच्या मराठी घराने गोंधळू नये असे मला वाटते. हा प्रश्न आपल्या घरात नवा नाही. गायकवाडांनी १७३४ साली बडोदे घेतले, त्यानंतरच्या पिढ्यांत आपली घराणी सातारा-पुण्याकडून, कोकणातून येथे येत राहिली आणि बहुतेक परत गेली नाहीत. आपण येथे मराठी आणि पुण्यास गेलो की ‘बडोद्याचे’. आपल्या बोलण्यात ‘हिंचका’ येतो, ‘मला फावेल’ येते, आणि पुण्याची मामेभावंडे हसतात. त्या मुलीच्या आजीलाही लहानपणी मामाच्या गावी ‘गुजरातीण’ म्हणून चिडवीत. आजीने नातीला ते सांगितले. झोपाळा या शब्दाला आपण हिंचका म्हणतो म्हणून काकू हसल्या, आणि मी रडले, असेही सांगितले. मला वाटते, आजी आणि नात यांची खरी ओळख त्या रात्री झाली.

पण त्याआधीच एक संकट येऊन गेले होते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर आपण कोणीच विसरलो नाही. धोक्याची पातळी २५ फूट. पाणी ३५ फुटांच्याही वर चढले. या कुटुंबाच्या तळमजल्यात मांड्यांपर्यंत पाणी शिरले. न्यू जर्सीहून बोटीने आलेल्या खोक्यांपैकी सात खोकी अजून उघडलीही नव्हती. ती तशीच भिजली. त्यांत मुलीची पुस्तके होती. चौघे आणि आजी-आबा वरच्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांकडे राहिले. वीज नाही, पिण्याचे पाणी मोजून, आबांच्या गोळ्या संपत आलेल्या. सोसायटीतल्या एका पोराने छातीइतक्या पाण्यातून जाऊन गोळ्या आणल्या. दुसऱ्या रात्री मुलाने पत्नीला हळूच विचारले, ‘आपण हे काय करून बसलो?’ परत जाण्याची भाषा त्या घरात प्रथम तेव्हा आली आणि पुढले काही महिने गेली नाही. न्यू जर्सीचे घर विकायचे ठरले होते, ते विकणे थांबवून भाड्याने दिले. पाणी ओसरल्यावर नदीतल्या मगरी वस्त्यांत सापडू लागल्या आणि वन विभागाची व प्राणिमित्रांची माणसे त्या दोरांनी बांधून नेऊ लागली. आईबाप भयाने गारठले होते. मुलगी मात्र गच्चीतून ते पाहून आली आणि तिने आपल्या अमेरिकेतील मैत्रिणीला कळवले की आमच्या नदीत मगरी आहेत, तुमच्याकडे नाहीत. ‘आमच्या’ हा शब्द तिच्या आईने माझ्यापाशी दोनदा उच्चारला.

पुरानंतर तळमजला दुरुस्त होईपर्यंत त्यांनी जवळच भाड्याने घर शोधले. सुनेला मनातून हवेच होते, आणि मला विचाराल तर पहिले वर्ष-दोन वर्षे हाकेच्या अंतरावर वेगळे बिऱ्हाड असणे दोन्ही पिढ्यांना हितकर असते. घर शोधताना मात्र त्यांना असे प्रश्न ऐकावे लागले की मुलगा खजील झाला. तुम्ही कोण? मासे खाता का? अंडे? एका घरमालकाने, मुलगी अंडे खाते एवढ्यावरून, किल्ली हातात दिलेली परत घेतली. आपल्या या सुसंस्कृत नगरीने याहून फार भयंकर नकार एकदा दिला आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली येथे नोकरीस रुजू झाले. संस्थानची नोकरी होती, विद्या होती, आणि डोके टेकायला खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून ते राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तेथूनही घालवले. कमाटी बागेत बसून त्यांनी तो दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या यातनेशी आजच्या सुखवस्तू कुटुंबाच्या अडचणीची तुलना करणे अशोभनीय होईल, मी ती करीत नाही. परंतु भाडेकरूला ‘तुम्ही कोण?’ असे विचारणाऱ्यांत मराठी घरमालकही आहेत, आणि त्या बागेत सायंकाळी फिरायला आपण सारेच जातो.

पैशांविषयी व कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहिते, कारण तो प्रांत हिशेबनिसांचा. परत येऊन येथे राहू लागताच परदेशवासी म्हणून उघडलेली बँकेतील खाती तशीच ठेवता येत नाहीत. बँकेला कळवून ती निवासी खात्यांत बदलावी लागतात. दीर्घकाळ बाहेर राहून आलेल्यांना पहिली दोन-तीन वर्षे प्राप्तिकरात एक मधला दर्जा मिळू शकतो, ज्यात बाहेरच्या मिळकतीवर सहसा येथे कर पडत नाही; त्याविषयी जाणत्या माणसाला येण्यापूर्वीच विचारावे, आल्यावर नव्हे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा निधीत कापले गेलेले पैसे म्हातारपणी मिळायचे तर चाळीस तिमाह्यांचे, म्हणजे साधारण दहा वर्षांचे, काम नोंदले जावे लागते. भारताचा अमेरिकेशी याबाबत करार झालेला नसल्याने येथील वर्षे त्यात मिळवता येत नाहीत. या गृहस्थाने चाळीस तिमाह्या पुऱ्या झाल्याची खात्री करून मगच राजीनामा दिला. नऊ वर्षांनी घाईघाईने परतलेले लोकही मला ठाऊक आहेत. तेथील विजेची उपकरणे आणू नयेत. तेथे दाब १२० व्होल्टचा, येथे २३० चा. सूनबाईंचा आवडता मिक्सर पहिल्याच दिवशी धूर काढून गेला. मुलांच्या लसींची वही मात्र अवश्य आणावी आणि येथील डॉक्टरांना दाखवावी. क्षयाची बीसीजी लस तिकडे सरसकट देत नाहीत, विषमज्वराचीही देत नाहीत.

कागदांतील एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. त्यामुळे अमेरिकेत जन्मलेली ही दोन मुले ओसीआय कार्डावर येथे राहतात. आजन्म राहता येते, शिकता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि ४ मार्च २०२१ च्या सरकारी अधिसूचनेनुसार वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षांतून त्यांना केवळ अनिवासी भारतीयांसाठी राखलेल्या किंवा जादा ठेवलेल्या जागांवरच प्रवेश मागता येतो, जेथील शुल्क पुष्कळदा कित्येक पटींनी अधिक असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये असा निर्णय दिला की ज्यांचे कार्ड त्या तारखेपूर्वीचे आहे त्यांना ही अट लागू नाही. परिणाम पाहा. थोरलीचे कार्ड २०१८ चे, धाकट्याचे २०२२ चे. एकाच आईबापांची, एकाच ताटात जेवणारी, एकाच रिक्षाने शाळेत जाणारी ही भावंडे. उद्या दोघांना डॉक्टर व्हावेसे वाटले तर बहीण सर्वांबरोबर रांगेत उभी राहील आणि भाऊ, जो अडीच वर्षांचा असताना येथे आला, ज्याला अमेरिकेचे काहीही आठवणार नाही, तो अनिवासी ठरेल. आबांना हे समजावून सांगायला मुलाला दोन संध्याकाळी लागल्या. आबा शेवटी एवढेच म्हणाले, ‘मग हा परत कुठे आला?’

या सर्वांवर कळस म्हणजे आपली चौकशी. हळदीकुंकू असो की वाङ्मय परिषदेचे व्याख्यान, त्या सुनेला हटकून विचारतात, ‘अगंबाई, परत का आलात? नोकरीचं काही झालं का?’ जणू सुखासमाधानाने आपल्या गावी कोणी येऊच शकत नाही. भगिनींनो, आपण आपल्याच गावाविषयी किती हलके बोलतो आहोत, हे तरी ध्यानात घ्या. विचारायचेच तर मुलीला अभ्यासात सोबत हवी का, नोकरीच्या कुठे ओळखी हव्यात का, असे विचारा. सुनेला शेवटी काम मिळाले ते अशाच एका चौकशीतून. सोसायटीतील एका शहाबाईंनी आपल्या भावाच्या पेढीत शब्द टाकला.

आता दुसरा पावसाळा सरला आहे. त्या पेढीतील हिशेबाची टिपणे गुजरातीत असतात आणि सांगलीच्या सुनेला ती लिपी येत नाही. म्हणून रोज रात्री जेवणे झाली की भाड्याच्या घरातल्या टेबलावर आजी येऊन बसते, आणि आई व मुलगी दोघी तिच्यापुढे वह्या उघडतात. गुजराती अक्षरांवर रेघ नसते. मुलगी सवयीने रेघ मारते आणि आजी ती खोडते. ख, च, ज, झ यांची निराळी वळणे मुलीला लवकर साधली, आईचा झ अजून चुकतो. भांडी त्या वेळी मुलगा घासतो. आईच्या देखत घासतो, आणि आई पाटीवरून मान वर करीत नाही. सहामाहीत गुजरातीचे गुण नवावरून सव्वीसवर आले. न्यू जर्सीच्या घराचा भाडेकरार पुढच्या जूनपर्यंत आहे. तेव्हा काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी मुले आली आहेत, किंवा येऊन पुन्हा गेली आहेत, त्यांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत. शाळेत गुजराती कोणी कसे पार पाडले, एवढे जरी कोणी लिहिले तरी त्या मुलीच्या आईला ते वाचायचे आहे.